उद्दिष्टाचा रकाना

मंगळवारी सकाळी प्रणालीनं वरणात दुसऱ्यांदा मीठ टाकलं. तिसऱ्यांदा हात डब्याकडं गेला, तेव्हा सासूनं, कौशल्याबाईंनी, काही न बोलता डबा उचलून फळीवर ठेवला आणि वरणात गरम पाणी ओतलं. सहा महिने हे असंच चाललं होतं. दूध उतू जाई आणि प्रणाली समोर उभी राहून ते बघत असे. तीन वर्षांची आचल चार हाका मारी, तेव्हा कुठं पाचव्या हाकेला आईचं तोंड वळे.

प्रणालीचा नवरा विपुल गेल्या श्रावणात संत्र्याच्या बगीच्यात मोटार सुरू करायला गेला आणि स्टार्टरचा शॉक लागून जागच्या जागी संपला. वय एकतीस. तेरवी झाली आणि पंधराव्या दिवशी बैठकीतला त्याचा फोटो उतरवून कोठीत ठेवण्यात आला, कारण तो पाहून सून रडते. मग त्याचं नाव घेणंही बंद झालं. कुणी चुकून घेतलंच तर दुसरा लगेच पाण्याची पाळी नाहीतर संत्र्याचा भाव काढी. घरानं मिळून दुःखाला बाहेर काढलं आणि दाराला कडी लावली.

सासरे खुशालराव चांदूर बाजार तालुक्यातले वजनदार गृहस्थ, समाजाच्या मंडळाचे उपाध्यक्ष. त्यांनी ह्या सगळ्यावर एक तोड काढली होती. धाकटा मुलगा श्याम चोवीस वर्षांचा, नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर. प्रणालीचं त्याच्याशी लग्न लावून द्यायचं. महिनाअखेरीस मंडळाचा सामूहिक विवाह मेळावा होता. तिथं ह्या जोडप्याला वेगळं स्टेज, खुशालरावांना शाल-श्रीफळ आणि पेपरात फोटो: विधवेला आधार देणारं आदर्श कुटुंब.

आता तुम्ही म्हणाल, यात वाईट ते काय? विधवेचं लग्न ही तर सुधारणाच. मीही तेच म्हणतो. पण ज्या मुलीच्या लग्नाची सुधारणा चालली होती, तिला एका शब्दानं कुणी विचारलं नव्हतं. मंडळाला विचारलं, भावकीला विचारलं, भटजीला विचारलं, मंडपवाल्यालासुद्धा तारीख विचारली. ती मात्र स्वयंपाकघरात होती, तिला नंतर कळणारच होतं!

आणि खुशालराव काही राक्षस नव्हते. दोन मुलांतला एक गेला. उद्या सून दुसरीकडं गेली तर नातही जाईल, आणि बगीच्याचा वाटा पडेल तो वेगळाच, ही भीती त्यांना पोखरत होती. भीती खरी होती. तिच्यावरचा त्यांचा इलाज मात्र दुसऱ्याच्या जिवावरचा होता.

प्रणालीला हे दिवाळीनंतर कळलं. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. ती धड जेवेनाशी झाली. म्हणून त्या मंगळवारी वरणाचा घास तोंडातून परत काढत खुशालराव म्हणाले, "आजच नेतो हिले अमरावतीले. ते मनाची डाक्टरीन हाय ना राजापेठेत, ते समजावून सांगते म्हने. डोकं ठिकानावर आनते."

मोनाली राजापेठेतल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर समुपदेशक होती. मूळची अकोल्याची, शिकून इथंच स्थिरावलेली. तिच्यापुढं प्रत्येक नव्या माणसासाठी एक छापील कागद असे, उपचाराचा आराखडा. त्यात रकाने होते: अडचण काय, उद्दिष्ट काय, त्यासाठीच्या पायऱ्या, किती आठवडे, घरच्यांची साथ, आणि खाली सही. त्या दिवशीची ही अकरावी भेट होती.

खोलीत तिघं आले आणि बोलला एकच. खुशालरावांनी अर्धा तास घेतला. प्रणाली भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती, कौशल्याबाई आपल्या पायांकडं.

"म्याडम, आमच्या घरात जबरदस्ती नाई," खुशालराव म्हणाले. "अन हे काई नवीन बी नाई. हे माही बायको बसली ना, हे माह्या मोठ्या भावाची बायको होती. भाऊ वारला तवा एकोनीस वर्साची. बापानं माह्यासंग पाट लावून देल्ला. इचारा तिले, काई कमी पडलं का चाळीस वर्सांत? पाहा, सुखात हाय."

कौशल्याबाईंना कुणी विचारलं नाही आणि त्या बोलल्याही नाहीत.

"प्रणाली, तुम्हाला काय वाटतं?" मोनालीनं विचारलं.

"तिले काय वाटते, तेच तर तिले समजत नाई," सासऱ्यांनी उत्तर दिलं. "म्हनून तर आनली."

मोनालीनं खरं तर इथंच पेन खाली ठेवायला हवं होतं, सासऱ्यांना बाहेर बसवायला हवं होतं. पण बाहेर बाकावर चार माणसं ताटकळत होती, आणि थकलेल्या माणसाचा हात सवयीच्या वाटेनं जातो. उद्दिष्टाच्या रकान्यात तिनं लिहिलं: 'कुटुंबातील बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेणे.' अशी वाक्यं तिनं शंभर वेळा लिहिली असतील. खाली सहीची जागा आली तेव्हा खुशालरावांनी खिशातलं पेन काढलं आणि सव्वीस वर्षांच्या, बीए झालेल्या सुनेच्या जागी आपली सही ठोकली. मग मोबाइल काढून कागदाचा फोटो घेतला. "आठवन राहावं म्हनून," ते म्हणाले.

पडत्या फळाची आज्ञा मिळाली. गाडी परतवाड्याच्या रस्त्याला लागायच्या आत तो फोटो भावकीच्या ग्रुपवर पडला होता. वर मजकूर: 'डॉक्टरांनी सुद्धा हाच सल्ला दिला आहे.' खाली अंगठे आणि जोडलेले हात. मंडळाचे सचिव देवीदासजी यांनी त्याच दिवशी यादीत नाव चढवलं.

श्यामनं तो फोटो कारखान्यात जेवणाच्या सुटीत पाहिला. ज्या बाईच्या हातचं खाऊन तो कॉलेज शिकला, जिला वहिनी म्हणताना त्याला आईच आठवे, तिच्याशी लग्न करायची कल्पनाच त्याला सहन होईना. त्यानं प्रणालीला फोन लावला. "वहिनी, तू नाई म्हनून दे न वो. माह्यानं बाबाच्या समोर तोंडच उघडत नाई." चांगला सहा फुटांचा गडी! नकोसं दोघांनाही होतं, पण नाही म्हणायची हमाली त्यानं तिच्या डोक्यावर ठेवली आणि कामाला निघून गेला.

पुढच्या मंगळवारी खुशालरावांना संत्र्याच्या सौद्यामुळं जमलं नाही. प्रणाली, कौशल्याबाई आणि आचल एसटीनं आल्या. सासू नातीला घेऊन बाहेर बाकावर बसली. आत दोघीच होत्या.

"कसा गेला आठवडा?" मोनालीनं विचारलं.

प्रणालीनं ओठ उघडायच्या आधी मोबाइल उघडला आणि टेबलावर सरकवला. मोनालीनं आपलंच अक्षर पाहिलं. खाली त्रेचाळीस जोडलेले हात होते.

"आता कायले इचारता, म्याडम?" प्रणाली म्हणाली. त्या खोलीत उमटलेलं तिचं हे पहिलं वाक्य. "तुमीच लिवून देलं ना, जुळवून घे म्हनून. घरी समदे तेच म्हनत होते. मले वाटलं होतं, निदान इथं तरी कोनी इचारीन. तुमी त शिक्का मारून देला."

मोनालीच्या कानशिलांना रक्त चढलं. सबबी पुष्कळ होत्या, अकरावी भेट, बाहेरची गर्दी, छापील कागद. तिनं एकही दिली नाही. इतका वेळ तोंडात धरलेली पुस्तकी भाषाही गळून पडली.

"चूक माही हाय," ती म्हणाली. "तुले न इचारता म्या तुह्यं उद्दिष्ट लिवलं. सही बी दुसऱ्याची चालवून घेतली. हे मी दुरुस्त करते, आत्ता, तुह्यासमोर."

तिनं फाइल काढली. कागद फाडला नाही. फाडला असता तर चूकही नाहीशी झाली असती. त्यावर आडवी रेघ मारली, 'रद्द. क्लायंटची संमती घेतली नव्हती' असं लिहिलं, तारीख घातली आणि सही केली. मग कोरा कागद दोघींच्या मध्ये ठेवला.

"अडचण काय, ते तुह्या शब्दांत सांग. मी तसंच लिवीन."

प्रणालीनं खोलीचं दार नीट लागलंय ना ते पाहिलं. मग बोलायला लागली ती थांबेचना. झोप येत नाही. मोटारीचा आवाज आला की छातीत धडधडतं. पण सगळ्यात मोठं म्हणजे रडायला जागा नाही. "फोटो काढून टाकला. नाव घेतलं की आचलले म्हनतात, चाल तुले चाकलेट देतो. म्याडम, पोट्टी बापाचं नाव इसरून राहिली. माह्या डोळ्यादेखत इसरून राहिली."

मोनालीनं अवघड प्रश्न सरळ विचारला, जसा विचारायचा असतो तसा. "जगू नये असं वाटलं का कदी?"

"एकदा वाटलं. मग आचलनं हाक मारली."

ते दोघींनी अर्धवट सोडलं नाही. तसं पुन्हा वाटलं तर आधी कुणाला सांगायचं, कुणाला फोन करायचा, हे पहिल्या ओळींत लिहिलं गेलं. झोपेसाठी खालच्या मजल्यावरच्या मानसोपचार डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं ठरलं. आणि मग तो रकाना आला.

"उद्दिष्ट," मोनाली म्हणाली आणि पेन तिच्याकडं दिलं.

"मामाजी म्हनतात, नाई म्हनशीन त माहेरी जाय, पोट्टी इथंच राहीन. मंग माह्यं कायचं उद्दिष्ट, म्याडम? आचल माह्यापाशी राहावं, बस."

"ते उद्दिष्ट नाई, तो तुहा हक्क हाय. बाप गेल्यावर पोरीची पालक मायच असते. कायदा हाय तसा." मोनालीनं मोफत कायदा सल्ल्याचा नंबर कागदाच्या कडेला लिहिला. "आता सांग. कोनी पोरीची भीती घातली नसती, त तुले काय पाह्यजे होतं?"

बाहेर आचल आजीला काहीतरी विचारत होती. प्रणालीनं पेन हातात फिरवलं आणि शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'माझं दुःख मला पुरं करू द्या. पुढचं मी ठरवीन.'

मोनालीनं त्यातला एक शब्दही सुधारला नाही.

मग पायऱ्या आल्या. पहिला आठवडा: फोटो कोठीतून काढून आपल्या खोलीत लावायचा आणि आचलला रोज बापाची एक गोष्ट सांगायची. दुसरा आठवडा: दिवसातून एकदा कुठल्यातरी लहान गोष्टीला नाही म्हणायचं. तिसऱ्या आठवड्यात सासूशी बोलायचं. सासऱ्यांना, मामाजींना, सांगायचं ते सहाव्या आठवड्यात, इथंच, मोनालीच्या समोर. तोपर्यंत मेळाव्याची तारीख उलटेल, म्हणून मोनाली स्वतः फोन करून कळवणार होती की उपचार चालू आहेत, मधे लग्नाचा विषय नको. प्रणालीनं सही केली. आपल्या नावाची, आपल्या हातानं.

फोन झाला. खुशालरावांनी नीट ऐकून घेतलं, 'बरं बरं, म्याडम' म्हणाले आणि ठेवून दिला. विजेच्या बिलाच्या फोनवरही ते असंच म्हणत.

इकडं फोटो खोलीत लागला. 'तुझे पप्पा संत्रं सोलताना साल कधी तुटू द्यायचे नाहीत, अख्खी लांबच लांब निघायची,' हे ऐकून आचलनं त्या दिवशी चार संत्री वाया घालवली. प्रणाली हसली आणि मग खूप रडली. कौशल्याबाईंनी ते दारातून पाहिलं. विषय न बदलता त्या तिथंच उंबऱ्यावर बसून राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात नाही म्हणायला सुरुवात झाली. शेजारणीनं आणखी एक भाकर घे म्हटलं, प्रणाली नाही म्हणाली. भावकीतल्या चुलत जावेनं फिकी साडी नेस म्हटलं, त्यालाही नाही. हे ऐकून कुणाला हसू येईल. ज्यानं जन्मात कधी हा शब्द वापरला नाही, त्याला पहिल्या वेळी किती धाप लागते ते त्यानंच सांगावं.

आराखडा कागदावर असतो, घर काही त्याच्या आठवड्यांनी चालत नाही. दुसऱ्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी देवीदासजी बैठकीत येऊन बसले. हातात यादी होती, कानावर पेन्सिल. श्यामला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तो कोपऱ्यातल्या खुर्चीत मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"दोघाचा एक फोटो लागते, भाऊ," देवीदासजी म्हणाले. "अन शालूचा रंग सांगा. मंडळ देऊन राहिलं शालू."

"लाल घ्या," खुशालराव म्हणाले. "डाक्टरनं बी लिवून देलंच हाय. आता काई अडचन नाई."

प्रणाली चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिनं हे ऐकलं. तिनं ट्रे टेबलावर ठेवला आणि आत न जाता तिथंच उभी राहिली. सहावा आठवडा अजून महिनाभर लांब होता आणि मोनाली तर पुष्कळच लांब.

"डाक्टरनं तो कागद रद्द केला, मामाजी," ती म्हणाली. "नवा कागद हाय. त्याच्यावर माही सही हाय. मले हे लगन करायचं नाई."

देवीदासजींचा हात कपाकडं जाता जाता थांबला.

"तू आत जाय," खुशालराव म्हणाले.

"जाते. पन आदी आयकून घ्या. तुमच्याबद्दल माह्या मनात वाईट नाई. शामभाऊजी माह्या लहान्या भावासारके हायत. त्यायलेबी हे नको हाय, त्यायचं तोंड उघडत नाई एवढंच." श्यामनं मान आणखी खाली घातली. "उद्या मी लगन करीन का नाई करीन, कोनासंग करीन, ते मी पाहीन. आज मले माह्या नवऱ्यासाठी रडू द्या."

खुशालरावांचा चेहरा लाल झाला. परक्या माणसासमोर घरची सून बोलत होती आणि तीही खालच्या आवाजात, त्यामुळं ओरडताही येईना. मग त्यांनी शेवटचं हत्यार काढलं. "ठीक हाय. मंग उद्याच माहेरी जाय. आचल इथंच राहीन."

हीच धमकी ऐकून ती तीन महिने धड जेवली नव्हती. आता तिनं टेबलाची कड धरली. "आचलची पालक मी हाओ. कायद्यानं बी मीच. अन मी माहेरी कावून जाऊ? हे घर माह्यं बी हाय. मी लगन बी करत नाई अन घर बी सोडत नाई. तुमाले नात पाह्यजे ना? रोज तुमच्या मांडीवर बसवते. पन मले त्याच्यात गुंडाळून कोनाले देऊ नका."

"कौशल्ये!" खुशालराव आता खरंच ओरडले. "सांग हिले! तू बी आलतीस ना असीच माह्या पदरात? मेलीस का त्याच्यानं?"

कौशल्याबाई आतून आल्या. पीठ लागलेले हात तसेच. चाळीस वर्षांत त्या ह्या बैठकीत पाहुण्यासमोर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

"मेली नाई," त्या म्हणाल्या. "पन तुमाले मी भाऊजी म्हनत होती. लगनाच्या दुसऱ्या दिवसी बी तोंडातून भाऊजीच निंगालं. तुमी हासले, समदे हासले. तवापासून मी तुमाले हाकच मारली नाई. कदी आयकली का तुमी? चाळीस वर्सांत?"

खुशालराव आठवू लागले. तशी एकही हाक त्यांना आठवेना.

"तुमी वाईट नाई वागले," कौशल्याबाई म्हणाल्या. "खायाले देल्लं, ल्यायाले देल्लं. मारलं नाई. पन तुमचे भाऊ सहदेव गेले तवा मी एक दिस बी रडली नाई, लगेच हळद लागली. ते रडनं आजून आतच हाय. हिच्या गळ्यात मी ते बांधू देनार नाई."

बाहेर आचल बकरीशी भांडत होती.

देवीदासजी अडचणीत आले. व्यवहारी माणूस, त्यांना छापखान्यात संध्याकाळपर्यंत यादी द्यायची होती. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, यादीतल्या ओळीवर टेकवली आणि खुशालरावांकडं पाहिलं. "मंग कसं करू, भाऊ? नाव ठेवू का काटू?"

"त्यायले कायले इचारता?" कौशल्याबाई म्हणाल्या. "नाव तिचं हाय ना? तिले इचारा."

देवीदासजी मंडळाचं काम बावीस वर्षं करत होते. आजवर शेकडो मुलींची नावं त्यांनी यादीत घातली, ती बापाला विचारून, भावाला विचारून, सासऱ्याला विचारून. ते खुर्चीत अवघडल्यासारखे वळले.

"बाई," ते प्रणालीला म्हणाले, "तुमचं नाव... राहू द्याचं का काटाचं?"

"काटा," प्रणाली म्हणाली.

त्यांनी पेन्सिलीनं बारीक रेघ मारली. प्रणालीनं ती वाकून पाहिली. मग तिनं मागच्या कपाटावरून आचलचं रंगांचं निळं पेन घेतलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"पेनानं काटा, काकाजी. पेन्सिलीचं खोडता येते."